दांडी, टिंब आणि इतिहासाचार्य

पेशवाईतल्या एखाद्या पत्राची नक्कल संगणकावर उतरवायला बसले की पहिली अडचण अक्षरांची येत नाही. अक्षरे कळफलकावर असतातच. अडचण येते ती अक्षरांच्या आगेमागे पेरलेल्या खुणांची. रकमेच्या आकड्यापुढे एक उभी रेघ काढली म्हणजे पाव, दोन काढल्या म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. परगणे हा शब्द संपूर्ण न लिहिता नुसता ‘प’ लिहून त्यापुढे ओढलेल्या दोन रेघा ही संक्षेपाची खूण. श्लोकाच्या अखेरीस येतो तो दुहेरी दंड. या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि दप्तरातल्या कारकुनाच्या मनात त्यांचा कधी घोटाळा होत नसे. संगणकाच्या देवनागरी कळफलकावर मात्र दांडी एकच. दुहेरी दंडासाठी तीच कळ दोनदा दाबावी लागते, किंवा लेखनाच्या प्रणालीत ०९६५ हा संकेतांक लिहून आल्ट आणि एक्स या कळा दाबून तो मिळवावा लागतो. मग पाव, अर्धा, परगणे, तर्फ आणि श्लोकाचा शेवट हे सारे त्या एकाच दांडीच्या आश्रयाला येतात. ‘प’ हे अक्षर आणि पाच हा देवनागरी आकडा किती सारखे दिसतात हे लक्षात घेतले, तर प॥ म्हणजे परगणे आणि ५॥ म्हणजे साडेपाच यांतले अंतर केवढे पुसट उरते हे सांगायला नको.

ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीतही ती होतीच. मराठ्यांच्या इतिहासाचे हजारो कागद मोडीतून बाळबोधीत आणून छापणाऱ्या एका मनुष्याला तिने जन्मभर सोबत केली. ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. महाराष्ट्र त्यांना इतिहासाचार्य म्हणून ओळखतो, आणि धुळे शहर त्यांच्या नावाच्या संस्थेमुळे. त्यांच्या विद्वत्तेविषयी, विक्षिप्तपणाविषयी आणि रागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कागदावरच्या बारीकसारीक खुणांशी त्यांनी घातलेला वाद मात्र त्या मानाने मागे राहिला.

राजवाडे यांचा जन्म २४ जून १८६३ चा. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झाले आणि डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. वडीलबंधू वैजनाथ काशिनाथ हे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक. निरुक्तावरील त्यांचे काम आजही अभ्यासकांना परिचित आहे. धाकट्या भावाला मात्र नोकरीची चाकोरी मानवली नाही. काही काळ शिक्षकी करून त्यांनी ती सोडली. विवाहानंतर थोड्याच वर्षांत पत्नीचे निधन झाले आणि त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. इंग्रजीचे उत्तम ज्ञान असूनही आपले सारे लेखन मराठीतच करायचे, हा निश्चय त्यांनी याच वयात केला आणि अखेरपर्यंत पाळला. जगातले विचारधन मराठीत आणावे म्हणून १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. प्लेटोच्या रिपब्लिकचा अनुवाद त्यांनी हाती घेतला तो याच ध्यासातून. मासिक काही वर्षे चालले आणि बंद पडले. मराठी मासिकांच्या इतिहासात ही गोष्ट नवलाची नाही.

आयुष्याला वळण मिळाले ते वाईला. पानिपतच्या मोहिमेशी संबंधित अशा पत्रांचे एक दप्तर तेथे त्यांच्या दृष्टीस पडले. बखरी आणि ग्रँट डफचा ग्रंथ यांवर तोवर मराठ्यांच्या इतिहासाची मदार होती. त्या पत्रांत मात्र मोहिमेतलीच माणसे बोलत होती. कोणाला रसद हवी होती, कोणाला पैसा, कोणी नदीला उतार कधी मिळेल याची चिंता करीत होता. १७५० ते १७६१ या काळातील या पत्रांचा खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा तो पहिला खंड. पुढे या मालेचे बावीस खंड निघाले. बखरी कितपत विश्वसनीय आहेत याची राजवाड्यांनी पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत अशी काही झडती घेतली की, त्यानंतर अस्सल कागदावाचून इतिहास लिहिणे मराठीत अवघड होऊन बसले.

कागद मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले, बहुतेक वेळा पायी. स्वयंपाक स्वतःच्या हाताने करायचा, गरजा शक्य तेवढ्या कमी ठेवायच्या आणि वाड्यामागून वाडा पालथा घालायचा, असा त्यांचा क्रम होता. कोठे वाळवीने दप्तरे खाल्लेली, कोठे वाण्याच्या पुड्यांना कागद गेलेले, तर कोठे मालकाच्या मनात संशय की, या कागदांतून आपल्या वतनावर काही बालंट येईल. अशा घरांत दिवसचे दिवस बसून राजवाडे मोडी वाचत आणि त्याची बाळबोध नक्कल करीत. आज त्या खंडांची पाने चाळताना हे श्रम डोळ्यांपुढे येत नाहीत. छापील मजकूर नेहमीच सोपा वाटतो.

मोडी वाचणे म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरे तिच्याखाली लटकवत जाई. शब्द संपला कोठे आणि दुसरा सुरू झाला कोठे, याची खूण नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद बहुधा पाळलेला नाही. विरामचिन्हे नाहीत. याउलट संक्षेप मात्र पावलोपावली. परगण्याचा ‘प’, तर्फेचा ‘त’, सुहूर सनाचा ‘सु’, आणि पुढे ती रेघांची खूण. तारखेआधी ‘छ’ हे एकटे अक्षर असते. ते चंद्राचे, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या तारखेचे द्योतक. वर्ष आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत लिहायचे. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण सुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो आणि इंग्रजी वर्षाच्या मध्यावर बदलतो. म्हणजे हे वर्ष १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली ती याच सालात. पुष्कळ पत्रांवर सालच नसते. नुसती तारीख आणि महिना असतो. अशा वेळी मजकुरातल्या उल्लेखांवरून साल ठरवावे लागते. राजवाड्यांच्या विद्वत्तेतला मोठा हिस्सा या असल्या हिशेबात खर्च झाला आहे.

मोडी या नावाविषयी त्यांचे स्वतःचे मत होते. फारसीत भरभर लिहिण्याच्या एका वळणाला शिकस्ता म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेले. मोडी हे नाव त्या शब्दाचे मराठी रूप होय, असे राजवाड्यांनी मांडले. हे मत सर्वांना पटले नाही. काहींनी मौर्यांच्या काळापर्यंत मागे जाऊन या लिपीचे मूळ शोधले, तर हेमाडपंताने ती लंकेहून आणली ही लोककथा आहेच. राजवाड्यांचे सगळेच सिद्धान्त टिकले असे नाही, आणि व्युत्पत्तीच्या बाबतीत तर त्यांची कल्पना कधी कधी फारच उंच भरारी घेई. पण एका बाबतीत ते कडक होते. कागदावर जे आहे ते तसेच छापायचे. कारकुनाने शब्द अशुद्ध लिहिला असेल तर तो अशुद्धच छापायचा. कागद फाटला असेल तर फाटल्याची खूण टिंबांनी दाखवायची. जुन्या मराठीचे शुद्धलेखन सुधारणे म्हणजे पुरावा नष्ट करणे, ही त्यांची भूमिका. पत्रांच्या भाषेतून फारसी शब्द काळानुसार कसे घटत गेले, हे त्यांनी सतराव्या आणि अठराव्या शतकातल्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले, ते मजकुराला कोणी हात लावला नव्हता म्हणूनच शक्य झाले.

येथे त्यांची गाठ छापखान्याशी पडली. राजवाड्यांची नक्कल ज्या जुळाऱ्याच्या हाती जाई त्याच्यापुढे खिळ्यांची पेटी असे. देवनागरीच्या पेटीत जोडाक्षरांसह शेकडो घरे असतात. रोमन लिपीच्या मानाने हा पसारा केवढा, याचा अनुभव मराठीने फार आधी घेतला होता. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात देवनागरीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली आणि त्यासाठी सुमारे सहाशे साचे लागतील असा अंदाज दिला. ते खिळे काही निघाले नाहीत. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत. दोनशे वर्षांनी श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी मोडीचे खिळे पाडून घेतले आणि १८१० चा आपला मराठी कोश मोडीत छापला. मोडी छापता येत होती, याचा तो पुरावा. पण पुढे मराठी मुद्रण बाळबोधीच्या वाटेने गेले आणि ऐतिहासिक कागदही बाळबोधीतच छापण्याचा प्रघात पडला. राजवाड्यांनी तोच स्वीकारला. वाचणाऱ्यांची संख्या पाहता दुसरा मार्ग नव्हता.

अक्षरांची सोय झाली, खुणांची झाली नाही. संक्षेपाच्या रेघेसाठी वेगळा खिळा नव्हता, म्हणून दुहेरी दंड वापरला गेला. अर्ध्यासाठीही तोच. आण्यांच्या तिरप्या रेघांसाठी जे मिळेल ते. जमाखर्चाचा कागद असेल तर आकड्यांच्या मांडणीतच अर्थ असतो, आणि ती मांडणी छापील ओळीत जशीच्या तशी राहणे कठीण. अक्षर न अक्षर जपणाऱ्या संपादकाला येथे तडजोड करावी लागली. वाचकांचे त्यामुळे फारसे अडले नाही, कारण त्या काळच्या वाचकाला सवाया, दिडक्या, औटक्या तोंडपाठ असत आणि संदर्भावरून तो रेघेचा अर्थ लावून घेई. ही जाण पुढे नाहीशी होईल, ही शक्यता त्या काळी कोणी गृहीत धरावी अशी नव्हती. पण ती होत होतीच. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कचेऱ्यांच्या कामात मोडीऐवजी बाळबोध वापरण्याचे ठरवले. शाळांतून मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळली आणि मग तीही थांबली. मोडीचे कागद उजेडात आणण्याचे सर्वांत मोठे काम आणि मोडीची व्यवहारातून पाठवणी, या दोन्ही गोष्टी एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत घडल्या.

राजवाड्यांच्या आयुष्यातला खुणांचा सर्वांत गंभीर प्रसंग मोडीतला नाही, बाळबोधीतला आहे. ज्ञानेश्वरीची एक अतिशय जुनी पोथी त्यांच्या हाती आली. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले त्याच्या आधीची ही प्रत, असे त्यांचे मत झाले. तिच्यावरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. मराठी भाषेच्या ऐतिहासिक अभ्यासात हे व्याकरण म्हणजे एक टप्पा मानला जातो.

या व्याकरणाचा पुष्कळसा डोलारा टिंबावर उभा आहे. जुन्या मराठीत अक्षरावरचा अनुस्वार ही शोभा नव्हती. विभक्ती ओळखण्याचे ते साधन होते. घरी या रूपावर अनुस्वार आहे म्हणजे घरामध्ये असा अर्थ. देवे या रूपावर आहे म्हणजे देवाने. अनुस्वार गेला की रूप उघडे पडते आणि कर्ता कोण, करण कोण, अधिकरण कोण, हे वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागते. नपुंसकलिंगाची ओळखही त्या टिंबानेच पटते. तेव्हा एखाद्या ओवीत टिंब आहे की नाही, हा प्रश्न शाईच्या एका थेंबाचा राहत नाही. लेखकाने दिलेला अनुस्वार कोणता, कागदावरचा डाग कोणता आणि किड्याने पाडलेले भोक कोणते, हे पोथी हातात असल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि पोथी हातात राहिली नाही. राजवाड्यांनी छापलेली ज्ञानेश्वरी आहे, तिचे व्याकरण आहे, पण ज्या पोथीवरून हे सारे झाले ती पुढे अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. तिच्याविषयी निरनिराळ्या आख्यायिका प्रचलित झाल्या. राजवाड्यांचा संतापी स्वभाव प्रसिद्ध असल्याने त्यांतल्या काही त्या स्वभावावर बेतलेल्या आहेत. त्यांत शिरण्याचे कारण नाही. परिणाम मात्र उघड आहे. ती प्रत खरोखर किती जुनी होती, वाचताना राजवाड्यांच्या नजरेतून काय निसटले, छापताना जुळाऱ्याच्या हातून काय बदलले, हे पडताळण्याचा मार्ग बंद झाला. काही विद्वानांनी शंका काढल्या, काहींनी त्या खोडल्या. १९६० मध्ये शासनाने ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली तेव्हा आधाराला राजवाड्यांचीच संहिता घेतली गेली. अस्सल कागदावाचून एक पाऊल पुढे टाकू नये असे ज्यांनी महाराष्ट्राला शिकवले, त्यांच्याच एका मोठ्या कामाचा अस्सल कागद उपलब्ध नसावा, हे दुर्दैव खरे.

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. सरदार खंडेराव मेहेंदळे यांचे साहाय्य आणि राजवाड्यांची प्रेरणा, असा हा योग होता. कागद जमवणे, वाचणे आणि त्यांवर आठवड्या-पंधरवड्याला चर्चा करणे यांतून संशोधकांची एक पिढीच्या पिढी तेथे घडली. राजवाड्यांचे मात्र संस्थांशी फार दिवस जमत नसे. मतभेद झाले आणि ते बाजूला झाले. याच सुमारास त्यांनी विकार आणि विचार प्रदर्शित करण्याच्या साधनांची उत्क्रांती या विषयावर एक दीर्घ निबंध लिहिला. मनातले दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी माणसाने काय काय साधने निर्माण केली, याचा त्यात विचार आहे. इतिहासाच्या कागदांत बुडालेला मनुष्य एकदम या विषयाकडे कसा वळला, असे वरवर वाटते. पण ज्याचे निम्मे आयुष्य एका रेघेचा अर्थ लावण्यात गेले, त्याला हा विषय परका नव्हता. पुढे १९२२ मध्ये जयराम पिंड्ये यांचे राधामाधवविलासचंपू आणि १९२४ मध्ये महिकावतीची बखर, हे दोन ग्रंथ त्यांनी संपादित केले. दोन्हींच्या प्रस्तावना मूळ ग्रंथांहून अधिक वाचल्या गेल्या असतील.

अखेरच्या काळात राजवाड्यांचा मुक्काम धुळ्यास होता. खानदेशचा एकच मोठा जिल्हा १९०६ मध्ये विभागला गेला होता. धुळे हे पश्चिम खानदेशाचे ठाणे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे. पुणे-मुंबईच्या मानाने हा भाग विद्वानांच्या वाटेवरचा नव्हे. पण धुळ्यात समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचा ध्यास घेतलेले शंकर श्रीकृष्ण देव होते, सत्कार्योत्तेजक सभा होती, भास्कर वामन भट यांच्यासारखे इतिहासप्रेमी होते. जुन्या मराठीच्या अभ्यासकाला खानदेशाविषयी आस्था वाटावी असे दुसरेही कारण आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापिलेल्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख मिळालेला आहे. लेख संस्कृत असला तरी त्याच्या अखेरीस मठाला दिलेल्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या आधीच्या शतकातल्या या ओळींतही विभक्तीचा भार अनुस्वारच वाहतो. फरक इतकाच की, दगडावरचे टिंब छिन्नीने पाडलेले आहे.

धुळ्यात राजवाड्यांपुढे होते ते शब्दांचे काम. मराठी धातूंची आणि नामांची व्युत्पत्ती ते लावीत बसले. शब्दामागून शब्द घ्यायचा, कंसात त्याचे मूळ संस्कृत रूप द्यायचे आणि बरोबरचे चिन्ह घालीत घालीत त्याला मराठीपर्यंत आणून सोडायचे. गणितात बरोबरचे चिन्ह म्हणजे निर्विवाद समता. व्युत्पत्तीत ते इतके निर्विवाद नसते, आणि राजवाड्यांची काही समीकरणे नंतरच्या भाषाशास्त्रज्ञांनी नाकारली. तरी एकट्या माणसाने केलेला हा संग्रह पाहून थक्क व्हायला होते. हे काम चालू असतानाच ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. वय त्रेसष्ट होते. मागे मालमत्ता नव्हती, कागद होते.

त्या कागदांचे काय करायचे, हा प्रश्न धुळेकरांनी लांबवला नाही. जानेवारी १९२७ मध्येच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांची टिपणे, त्यांनी जमवलेले कागद आणि पोथ्या यांची व्यवस्था मंडळाने पत्करली. त्यांचा धातुकोश १९३७ मध्ये आणि नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली. हस्तलिखितावरून छापताना संपादकाला जे सोसावे लागते ते आता राजवाड्यांच्या हस्ताक्षराच्या बाबतीत दुसऱ्यांना सोसावे लागले.

नंतरच्या काळात खुणांची गळती वाढतच गेली. टंकलेखन यंत्र आले आणि नव्वदीच्या आसपास चिन्हांत सारी देवनागरी बसवावी लागली. पाव-अर्ध्याच्या रेघांना त्यात जागा असण्याचे कारणच नव्हते. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर आणे-पै व्यवहारातूनही गेले. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वाराला रजा दिली. लिहिणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यानंतर शिकलेल्या पिढीला राजवाड्यांचे मूळ गद्य वाचतानाही टिंबे अडखळवू लागली. संगणकासाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये जो संकेत आणि कळफलक प्रमाण केला, त्यात दांडी होती. बाकीच्या खुणा नव्हत्या.

सुधारणा झाली ती जागतिक पातळीवर, आणि बरीच उशिरा. युनिकोड या संकेतप्रणालीत ऑक्टोबर २००९ मध्ये भारतीय अपूर्णांकांच्या दहा खुणांना प्रथमच स्वतंत्र जागा मिळाल्या. त्यांत पाव, अर्धा आणि पाऊण आहेत, सोळावा आणि आठवा हिस्सा आहे, आणि जुन्या हिशेबातले रुपयाचे चिन्हही आहे. गमतीची गोष्ट अशी की, भारत सरकारने रुपयाचे नवे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले; म्हणजे दप्तरातला जुना रुपया संगणकात नव्याच्या आधी पोहोचला. जून २०१४ मध्ये संपूर्ण मोडी लिपीला ७९ जागांचे घर मिळाले. अंशुमन पांडे या अभ्यासकाने त्यासाठी प्रस्ताव तयार केला होता. अक्षरे आणि आकडे यांखेरीज मोडीचा एकेरी दंड, दुहेरी दंड, संक्षेपाची खूण आणि हुवा नावाचे चिन्ह, असे प्रत्येकाला आपापले संकेतांक आहेत. ज्या तीन खुणा राजवाड्यांच्या जुळाऱ्याने एकाच खिळ्यातून काढल्या, त्या आता तीन निरनिराळ्या वस्तू म्हणून साठवता येतात. मोडीचे मुक्त टंकही उपलब्ध झाले आहेत.

कळफलकावर मात्र त्यांच्यासाठी कळ नाही. संकेतांक टिपून ठेवावा लागतो, अक्षरांच्या तक्त्यातून चिन्ह उचलावे लागते किंवा स्वतःच्या सोयीचा कळफलक बेतून घ्यावा लागतो. अर्धा लिहिण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? बहुतेक ठिकाणी दोन दांड्या मारून काम पुढे सरकते, आणि एकदा तसे झाले की, पुढे शोध घेणाऱ्या यंत्राला तो अर्धा कधी सापडत नाही. त्याच्या लेखी तो श्लोकाचा शेवट असतो.

राजवाड्यांचे बावीस खंड अचूक संकेतांकांसह संगणकावर आणायचे म्हटले, तर काम नकलेचे राहत नाही. छापलेल्या प्रत्येक दुहेरी दंडापाशी थांबून ठरवावे लागेल की, हा अर्धा आहे, संक्षेप आहे की विराम. पुष्कळदा संदर्भावरून ते ठरेल. जेथे ठरणार नाही तेथे अस्सल कागद काढावा लागेल, आणि ज्या पत्रांचे अस्सल धुळ्यात, पुण्यात किंवा अन्य दप्तरांत टिकून आहेत त्यांच्याबाबत ते शक्यही आहे. कारकुनाने रेघ कशी ओढली होती हे तेथे डोळ्यांनी पाहता येते. १९०९ च्या ज्ञानेश्वरीतील टिंबांसाठी तशी सोय नाही. तेथे जो अनुस्वार छापलेला आहे तोच घ्यायचा, आणि जो छापलेला नाही तो पोथीत होता का, हे विचारायला पोथी नाही.